थ्री नॉट थ्रीला दुर्बीण लावली तर?

लंच टाइमला ऑफिसच्या एका कोपऱ्यात चार जण मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेत आणि अचानक त्यातला एक किंचाळतो, "कार-नाइन्टीएट मिळाली रे!" हा सीन तुमच्याकडेही रोज घडत असणार. एचआरवाल्या मॅडमसुद्धा आता दचकत नाहीत. पबजी म्हणा, बीजीएमआय म्हणा, या खेळानं आपल्या पिढीला एक गोष्ट शिकवली. ज्याला स्वतःच्या दुचाकीचा सीसी सांगता येत नाही, तोही दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रायफलीचं नाव पाठ म्हणतो. तिच्यावर आठ पटीची दुर्बीण लाव, झुडपात आडवा हो, श्वास रोख आणि... खल्लास!

पण बॉस, ती बंदूक खरोखर कशी बनायची, हे कोणी विचारलंय का?

या वेळचा छंद जरा उलटा आहे. नेहमी आपण "हे करून बघा" म्हणतो. या वेळी ज्या छंदाबद्दल बोलायचंय, तो आपल्याकडे करता येत नाही. करू पण नका! तरी त्याची गोष्ट सॉलिड आहे, आणि तिचा एक धागा थेट आपल्या जालन्यापर्यंत येतो.

जुनं दे, दुर्बीण घे

अमेरिका, कॅनडासारख्या देशांत सैन्यानं मोडीत काढलेल्या रायफली वर्षानुवर्षं सामान्य माणसाला विकत मिळत आल्या. याला म्हणतात सरप्लस. एकेकाळी एक रशियन मोसिन-नगांत साध्या म्युझिक सिस्टिमपेक्षा स्वस्तात मिळायची. मग काही हौशी मंडळींच्या डोक्यात किडा वळवळला. खरी महायुद्धातली स्नायपर रायफल तर परवडत नाही, तिची किंमत गगनाला भिडलेली. मग साधी रायफल आणायची, तिच्यावर त्या काळच्या धर्तीची दुर्बीण, तिचं ब्रॅकेट, गाल टेकवायचं लाकूड असं सगळं जमवायचं आणि हुबेहूब तशीच उभी करायची. महिनोन् महिने हा उद्योग चालतो. कोणी लाकडाच्या रंगासाठी जुने फोटो धुंडाळतो, कोणी स्क्रूचं डोकं चपटं होतं की गोल, यावर मित्राशी अबोला धरतो.

आणि मग तिच्याशी खेळतातही. ओहायो राज्यात कॅम्प पेरी नावाचं मोठं नेमबाजीचं मैदान आहे. तिथे जुन्या स्नायपर रायफलींची खास मॅच होते. दोघांची जोडी, एक नेमबाज आणि एक त्याला वारा-अंतर सांगणारा. निशाणा ३०० आणि ६०० यार्डांवर. तिथे अस्सल रायफल चालते, आणि नीट बनवलेली प्रतिकृतीसुद्धा चालते. अट एवढीच की वस्तू त्या काळातल्या नमुन्याला धरून हवी. सिनेमानं या वेडात तूप ओतलं. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (१९९८) मधला तो शांतपणे देवाचं नाव घेत नेम धरणारा जॅक्सन आठवतो? किंवा 'एनिमी ॲट द गेट्स' (२००१) मधला स्टालिनग्राडचा वासिली झायत्सेव्ह? अशा सिनेमांनंतर कितीतरी लोकांना घरी तशीच एक हवी झाली. गिब्ज नावाच्या अमेरिकन कंपनीनं तर स्प्रिंगफील्ड १९०३-ए४ची प्रतिकृती रीतसर बनवून विकली.

वर्गातला हुशार मुलगा

आता खरी गंमत. आपल्याला वाटतं, स्नायपर रायफल म्हणजे काहीतरी वेगळंच, स्पेशल मशीन. फेरारी टाइप. पण दुसऱ्या महायुद्धात बहुतेक सैन्यांनी वेगळी बंदूक बनवलीच नाही. त्यांनी निवडली!

ब्रिटिशांची नंबर फोर (टी) घ्या. टी म्हणजे टेलिस्कोप. कारखान्यातून हजारो ली-एनफिल्ड रायफली बाहेर पडत. प्रत्येकीची चाचणी होई. त्यात ज्या एखादीचा नेम इतरांपेक्षा चांगला लागतोय असं दिसे, ती बाजूला काढत. डिझाइन तेच, पोलाद तेच, कामगारही तेच. पण लाकूड आणि लोखंड जुळून येण्यात कुठेतरी काहीतरी छान जमून गेलेलं असे. अशा निवडलेल्या रायफली १९४२ पासून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडकडे जाऊ लागल्या. ही कंपनी म्हणजे राजे-महाराजांच्या शिकारी बंदुका घडवणारी. तिथल्या कारागिरांनी अशा तेवीस हजारांहून जास्त रायफली तयार केल्या. डाव्या बाजूला दोन बैठका, त्यावर ब्रॅकेट, ब्रॅकेटमध्ये नंबर ३२ची दुर्बीण, आणि दस्त्यावर गाल टेकवायला लाकडाचा उंचवटा.

मग परीक्षा. २०० यार्डांवर सातच्या सात गोळ्या पाच इंचांच्या वर्तुळात. ४०० यार्डांवर सातपैकी सहा दहा इंचांच्या वर्तुळात. पास झाली तर लष्करात, नाही तर परत.

आणि दुर्बीण किती पटीची? आठ? छे! फक्त तीन. तीही मुळात ब्रेन मशीनगनसाठी आखलेली, नंतर इकडे वापरली. खेळात आठ पटीतही ज्यांचा नेम चुकतो, त्यांनी जरा विचार करावा.

सगळ्यात सुंदर भाग म्हणजे नंबर. रायफलीचा नंबर ब्रॅकेटवर ठोकलेला असे आणि दुर्बिणीचा नंबर दस्त्याच्या मानेवर. एकीची दुर्बीण दुसरीवर चढवायची नाही. लग्नच म्हणा ना! जोडी एकदा जुळवून दिली की तीच कायम.

प्रतिकृती की डुप्लिकेट?

याच नंबरांपाशी या छंदाची खरी कसोटी लागते. प्रतिकृती बनवणारा प्रामाणिक असेल तर तो साधी रायफल घेतो, नवी बनवलेली दुर्बीण लावतो आणि विचारलं की सांगतो, "मी बनवलीय." लबाड असेल तर तो दस्त्यावर जुने शिक्के ठोकतो, लाकूड घासून मळकं करतो आणि कोणा नवख्याला अस्सल म्हणून पाचपट भावात खपवतो. काम दोघांचं जवळपास सारखंच. फरक फक्त शिक्क्याचा. आपल्याकडे पैठणी, हापूस आणि कोल्हापुरी चपलांच्या बाबतीत आपण जे रोज अनुभवतो, तेच तिकडे बंदुकीच्या बाबतीत चालतं.

म्हणून जाणकार संग्राहक आधी दुर्बिणीतून बघतच नाही. तो आधी शिक्के वाचतो.

आपली थ्री नॉट थ्री

ही ली-एनफिल्ड कोण, ओळखलंत? तीच, आपली थ्री नॉट थ्री! पोलिसमामांच्या खांद्यावरची. कॉलेजात एनसीसी केलेल्यांनी तर तिला मांडीवर, खांद्यावर, पायाच्या अंगठ्यावर सगळीकडे झेललंय. परेडला मिळायची ती डीपी, म्हणजे ड्रिल पर्पज. गोळी न झाडणारी, पण चार किलोचं वजन अगदी ओरिजिनल. 'बाजू शस्त्र' करताना कोणाची बोटं चेमटली नसतील, तर त्यानं एनसीसी केलंच नाही.

कोलकात्याजवळच्या ईशापूरच्या कारखान्यात ही रायफल विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बनत आली. १९६२ च्या चीन युद्धानंतर तिथेच तिची ७.६२ मिलिमीटरची आवृत्ती निघाली, टू-ए आणि टू-ए-वन. आता ऐका. विसाव्या शतकाच्या अखेरीस याच ईशापूरच्या रायफली सरप्लस म्हणून अमेरिकेच्या बाजारात पोचल्या. आज तिकडचा कुणी अकाउंटंट शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये कॉफी पीत भारतीय कामगारांच्या हातची रायफल पुसत बसतो, तिच्यावर दुर्बीण चढवतो. आणि ती जिथे बनली त्या देशात तुम्हा-आम्हाला ती हातात धरायची तरी मुभा नाही.

आपल्याकडे तिची निवृत्ती फार मानानं झाली नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्टेशनात समोर एके-४७ होत्या आणि आपल्या पोलिसांच्या हातात लाठ्या आणि थ्री नॉट थ्री. त्यानंतर तिला कोणी प्रेमानं पाहिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तिला अखेरचा निरोप दिला. लष्कराच्या स्नायपरकडे तर केव्हाच रशियन द्रागुनोव्ह आली होती, आणि आता सीमेवर फिनलंडची साको आहे.

जालन्याचं कनेक्शन

'जालना, सोने का पालना' ही म्हण मराठवाड्यात सगळ्यांना ठाऊक. जालना म्हटलं की बियाणं, मोसंबी आणि स्टील. एमआयडीसीतल्या भट्ट्यांमध्ये देशभरातलं, परदेशातलंही भंगार येतं, वितळतं आणि सळया होऊन बाहेर पडतं. तुमच्या टू-बीएचकेच्या स्लॅबमध्ये कदाचित जालन्याचीच सळई असेल. ती आधी काय होती? जहाज? रुळ? कोणास ठाऊक. लोखंडाला मागचा जन्म आठवत नाही.

याच शहरात राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ३ आहे. निजामाच्या काळात इथे छावणी होती. थोडक्यात, बंदूक आणि भट्टी दोन्ही या गावाच्या ओळखीच्या.

पण सगळ्यात जुनं कनेक्शन जिल्ह्याच्या उत्तरेला आहे. गावाचं नाव असई. २३ सप्टेंबर १८०३ ला इथे शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्ली समोरासमोर आले. हाच पुढे वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. लढाई तो जिंकला, पण त्याचे दीड हजारांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले. कारण शिंद्यांच्या तोफा. आणि त्या तोफा कुठल्या? महादजी शिंद्यांच्या काळात डी बॉईननं फौज उभी केली, तेव्हा आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली आपल्याच कारागिरांनी युरोपीय धर्तीवर ओतलेल्या! तिथे मस्केट बंदुकाही बनत, दहा रुपयांना एक या हिशेबानं. म्हणजे प्रतिकृतीच की. पण अशी, की मूळ नमुनावाल्यांनाही घाम फुटला. लढाईनंतर शंभरच्या आसपास तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या, आणि त्यातल्या चांगल्या तोफा त्यांनी आपल्या फौजेत वापरायच्या म्हणून ठेवून घेतल्या. सरप्लसचा धंदा तेव्हाही जोरात होता, असं म्हणायला हरकत नाही.

आणखी एक गंमत. 'स्नायपर' हा शब्दसुद्धा आपल्याच मातीत जन्मला. स्नाइप हा हिवाळ्यात पाणथळीत उतरणारा लांब चोचीचा छोटा पक्षी. उडताना असा काही वेडावाकडा वळतो की नेम लागता लागत नाही. अठराव्या शतकात हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी घरच्या पत्रांत 'स्नाइपिंग'ला गेल्याचं लिहायचे. त्या शिकारीवरून पुढे लपून नेम साधणाऱ्या सैनिकाला हे नाव चिकटलं. पक्ष्याला मारणाऱ्याचं नाव माणसाला मारणाऱ्याला मिळालं.

कायदा काय म्हणतो, हे आधी वाचा

आता कोणाच्या डोक्यात "गावाकडे आजोबांची जुनी बंदूक पडलीय, तिच्यावर..." असा विचार चमकला असेल, तर थांबा.

आपला शस्त्र कायदा १९५९ चा आहे. लायसन्सशिवाय बंदूक बनवणं, विकणं हा गुन्हा आहेच. पण तिचं रूपांतर करणं आणि दुरुस्त करणं हेही त्यातच येतं. नळी आखूड करणं किंवा नकली बंदुकीची खरी बनवणं, यासाठी वेगळं कलम आहे. .३०३ हा बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध. म्हणून तर शिकारी आणि शेतकऱ्यांसाठी सरकारी कारखान्यांनी .३१५ची रायफल काढली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका लायसन्सवर तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि बेकायदा बंदूक बनवण्याची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते. वाड्यातली तोड्याची बंदूक, जी दुरुस्त करूनही चालणार नाही, तिला कायद्यात सवलत आहे. पण ती 'चालणार नाही' हे आपण ठरवायचं नसतं. शंका असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा, मामाच्या मित्राला नको.

कोणी म्हणेल, तिकडे चालतं आणि इथे का नाही? मला विचाराल तर कायदा बरोबर आहे. ज्या देशात लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार करून नवरदेवाचाच काका जखमी होतो, तिथे घरोघरी गॅरेज-कारखाना नकोच. आणि अमेरिकेनं त्या मोकळिकीची किंमत काय मोजलीय, ते आपण दर काही महिन्यांनी टीव्हीवर बघतोच.

मग करायचं काय?

हात शिवशिवत असतील तर हे करून बघा:

स्केल मॉडेल. १:६ किंवा १:३५ मापात लाकूड, रेझिन, पितळी पत्रा. दुर्बीण, ब्रॅकेट, नंबरसकट सगळं. टेबलावर मावतं आणि शेजारी पोलिसांना फोन करत नाहीत. पूर्ण आकाराची हुबेहूब नकली बंदूक घेऊन रस्त्यावर, सोसायटीच्या गच्चीवर रील काढायला मात्र जाऊ नका. लांबून खरी-खोटी कळत नाही.

नेमबाजी. दहा मीटर एअर रायफल. ठरावीक ताकदीपर्यंतच्या .१७७ एअर रायफलीला लायसन्स लागत नाही. चांगल्या क्लबात जा, आधी तिथल्याच रायफलीवर शिका. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, रेल्वेत नोकरी करणारा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसहून ब्राँझ घेऊन आला. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली. म्हणजे नोकरी करून होत नाही, हे कारण बाद!

वीकेण्ड ट्रिप. समृद्धी महामार्गानं जालना आता लांब राहिलेलं नाही. तिथून भोकरदनमार्गे असई. कैलना आणि जुई नद्यांच्या मधलं रान बघा, वेलस्लीनं नदी कुठे ओलांडली असेल याचा अंदाज बांधा. अजिंठाही त्याच बाजूला. अहिल्यानगरचं रणगाडा म्युझियम आणि पुण्याचं केळकर म्युझियम वेगळ्या ट्रिपला.

एक शेवटची गोष्ट

दुर्बिणीच्या या टोकाला आपण सगळे मनानं उभे असतो. त्या टोकाला कोण असतं?

रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचा यशवंत घाडगे, वय २२. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा नाईक. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. सोबतचे सगळे पडले. हा एकटा धावला. ग्रेनेड टाकला, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानं लोळवलं. चौकी घेतली. आणि तिथेच दडलेल्या शत्रूच्या स्नायपरनी त्याला टिपलं. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह सापडला नाही, नाव कसिनोच्या स्मारकावर कोरलंय.

त्या स्नायपरच्या हातातली रायफलही कारखान्यातून निवडून काढलेली असेल. तीही कोणीतरी जीव लावून जुळवलेली असेल. हा छंद करणारा शहाणा माणूस हे विसरत नाही. तो वस्तूतल्या कारागिरीला दाद देतो आणि ती कशासाठी केली होती, हेही लक्षात ठेवतो.

म्हणूनच एक साधी मागणी. पोलीस ठाण्यांतल्या, मुख्यालयांतल्या थ्री नॉट थ्री जेव्हा मोडीत निघतात, तेव्हा त्यांचे तुकडे होतात आणि लोखंड भट्टीत जातं. जावं, तेच योग्य. पण प्रत्येक जिल्ह्यात एक, फक्त एक, कायमची निकामी करून काचेमागे ठेवावी. दस्त्यावरचा बट नंबर तसाच ठेवून. खाली चार ओळी लिहाव्यात: ही कुठे बनली, कुठल्या गटात होती, कुठल्या साली कोतात परत आली. जालन्यासारख्या गावात, जिथे छावणी होती, राखीव दल आहे आणि असईचं रान आहे, तिथे तर हे व्हायलाच हवं. नाही तर आपल्या पुढच्या पिढीला कार-नाइन्टीएट तोंडपाठ असेल, आणि आजोबांच्या खांद्यावर काय होतं, ते विचारायला ओहायोच्या अकाउंटंटला फोन करावा लागेल.